व्हेंडेनहागनचं पुढचं दार

पिवळा स्किप, म्हणजे टाकाऊ सामानाची मोठी लोखंडी पेटी, आठ यार्डांची. सोमवारी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान ड्राइव्हवर ठेवला जाईल. गाडी आधी हलवून ठेवावी.

•

हाडाचा एक्स-रे कधी एकाच बाजूने काढायचा नाही. समोरून शाबूत दिसणारं मनगट बाजूने मोडलेलं निघतं. देविकाला हे रेडिओग्राफीच्या पहिल्या वर्षी, पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

•

दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरायचे तर आधी माती ओली करून घ्यायची. बी वरून भुरभुरायचं, दाबायचं नाही. चौथ्या दिवशी हिरवं दिसतं.

•

हॅम्बुर्ग विमानतळ, सिक्युरिटी.
"हे काय आहे?"
"वीट. अर्धी."
"कशासाठी?"
"भेट द्यायला."

•

व्हेंडेनहागन, उत्तर जर्मनी. बांधकाम १७३८. लाल विटा, वरून पांढरा गिलावा. दोन मजले, त्यावर दोन उतारांचं कौलारू छप्पर. मालक: फॉन ट्रेबनो घराणं. पाडलं १९४८. आज त्या जागी गवत, लिंडेनच्या झाडांच्या दोन रांगा आणि बर्फ साठवायचं एक तळघर.

•

एल्साआजी सांगायची ते, तिच्याच शब्दांत: "दाराशी पंप. खडावा फळीवर. पाय धुवून आत. डावीकडे दूधघर, उजवीकडे धुराची खोली. मग जिना, एकेचाळीस पायऱ्या. वर माझी खिडकी. खिडकीतून चेस्टनटचं झाड."

•

शनिवारी अकरा वाजता लंडनच्या कडेला, पिनरच्या घरात बसायला एक खुर्ची मोकळी नव्हती. सगळ्यांवर खोकी होती. घर विकलं गेलं होतं. तीन आठवड्यांनी चाव्या द्यायच्या आणि देविकाच्या आईबाबांनी, नंदू आणि आशा रिसबूड यांनी, बेचाळीस वर्षांनंतर दोन खोल्यांच्या रिटायरमेंट फ्लॅटमध्ये राहायला जायचं. तिथे लिफ्ट होती, बाथरूममध्ये मदतीसाठी ओढायची लाल दोरी होती, मीटिंगरूममध्ये दर मंगळवारी बिंगो होता. नंदूने बनवलेला व्हेंडेनहागनचा सहा फुटी किल्ला ठेवायला मात्र जागा नव्हती.

किल्ला गॅरेजमध्ये होता. त्याच्यापायी रिसबुडांची गाडी चार दशकं पावसात उभी राहिली.

"मामी, मी फक्त विचारतो," आर्यन म्हणाला. तो इल्फर्डहून व्हॅन घेऊन आला होता आणि सकाळपासून दोनदा टिपवर कचरा टाकून आला होता. "ही जर्मन बाई नको म्हणाली, तर किल्ला कुठे? कारण स्किप मंडेला येतंय."

"येतोय," सुप्रभाआत्या म्हणाली. तिचं मुलाच्या मराठीकडे लक्ष असे, मुलाच्या बोलण्याकडे नसे. "आणि नको का म्हणेल? तिच्या गावाचा इतिहास आयता हातात मिळतोय तिला. शिवाय घराण्याची माणसं भेटतायत. ती काय रोज भेटतात?"

नॉटिंगहॅमहून पहाटेची गाडी पकडून आलेली आत्या मोत्यांचा सर घालून आली होती. भूलतज्ज्ञ म्हणून पस्तीस वर्षं काढलेली बाई. अजूनही खोलीत शिरली की आधी सगळ्यांच्या चेहऱ्याचा रंग बघायची. तिच्या बैठकीच्या खोलीत स्वतःच्या पदवीच्या वर व्हेंडेनहागनचा जुना नकाशा फ्रेम करून लावलेला होता.

"आई, पण आजीचं नाव बुर्मायस्टर होतं," आर्यन म्हणाला. "फॉन काहीतरी नव्हतं."

"त्या नाझी राजवटीत नावं बदलावी लागली लोकांना. तुला कितीदा सांगू?"

आर्यनने देविकाकडे पाहिलं. देविकाने खोक्याला टेप लावण्यात डोकं घातलं.

तिच्या फोनमध्ये सहा दिवसांपासून एक फोटो होता. जूनमध्ये, घर विकायचं पक्कं झाल्यावर, तिने व्हेंडेनहागनच्या गावमंडळाला पत्र लिहिलं होतं: माझ्या बाबांनी तुमच्या पाडलेल्या घराचं मॉडेल बनवलं आहे, तुम्हाला हवं आहे का? सोबत मॉडेलच्या दर्शनी बाजूचा एक फोटो. उत्तर उटे लेव्हेरेन्झ नावाच्या बाईंचं आलं. निवृत्त शिक्षिका, मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी लिहिलं होतं की मॉडेल बघायला त्या स्वतः येत आहेत. पुढे चार ओळी होत्या.

*सोबत १९३६च्या उन्हाळ्यातला फोटो पाठवते आहे. घरातले नोकर, स्वयंपाकघराच्या दारापुढे. मागे नावं लिहिलेली आहेत. डावीकडून तिसरी एल्सा बुर्मायस्टर, धुणं आणि भांडी. तुम्ही पाठवलेली बाजू घराची पुढची बाजू नाही. बाकी भेटीत.*

देविकाने तो फोटो गुरुवारी फक्त आर्यनला दाखवला होता. आर्यन म्हणाला, "सांग ना मामाला. बिग डील काय आहे?" बिग डील काय आहे हे इल्फर्डमध्ये राहून कळणार नव्हतं. बाबा ऐंशी ओलांडून गेले होते. गुडघे गेले होते, घर चाललं होतं. आयुष्यभर कौन्सिलच्या ड्रॉइंग ऑफिसात दुसऱ्यांच्या बसस्टॉपची नि संडासांची ड्रॉइंग्ज काढली, आणि संध्याकाळी सातनंतर स्वतःचं एकच काम केलं. त्या कामाचं तोंड चुकीच्या दिशेला आहे, हे त्यांना घर सोडायच्या तीन आठवडे आधी सांगायचं? की न सांगता मॉडेल जर्मनीला जाऊ द्यायचं आणि तिथल्या लोकांनी ते बघून गालातल्या गालात हसायचं?

"देवू," आशाने चहाच्या कपावर बशी ठेवत हाक मारली, "त्या बाईंची ट्रेन किती वाजता आहे? तुझे बाबा टाय लावून बसलेत दहापासून."

•

बाबांचा नियम: *आईचा किल्ला मी आईच्या तोंडून बांधतोय. फोटो बघून कुणीही बांधेल.*

म्हणून त्यांनी कधी फोटो शोधले नाहीत. जुन्या नकाशातला करंगळीच्या नखाएवढा काळा चौकोन त्यांनी मोजला, त्यावरून लांबी-रुंदी काढली, बाकी सगळं आईचं. पहिला किल्ला त्यांनी नऊ वर्षांचे असताना केला, नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या क्वार्टर्सपुढे, दिवाळीत. इतर मुलं डोंगर नि बुरूज करत होती. नंदूने मातीचं लांबट घर केलं, त्याला दोन उतारांचं छप्पर केलं आणि कारखान्यातल्या झाडून सगळ्या पोरांचं हसू ओढवून घेतलं. एल्साआजी पदर खोचून त्याच्याशेजारी मातीत बसली होती आणि नगरी मराठीत सांगत होती, "तसं न्हाई रं, पंप हिकडं."

•

पिनर स्टेशनबाहेर देविकाने उटेंना लगेच ओळखलं. पांढरे आखूड केस, पाठीवर सॅक, पायात चालायचे बूट. उटे गाडीत बसल्या, सॅक मांडीवर घेतली. सॅक जड असावी, त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती.

देविकाने गाडी सुरू केली नाही.

"मला एक रिक्वेस्ट करायची आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "माझ्या बाबांना माहीत नाही. फोटोचं. त्यांना वाटतं ती घरातली मुलगी होती. सगळ्यांना वाटतं. आज नका सांगू, प्लीज."

उटेंनी थोडा वेळ समोरच्या फुलांच्या दुकानाकडे पाहिलं.

"तुमच्या आजीने असं सांगितलं होतं?"

"नाही." हे देविकाने त्या सहा दिवसांत अनेकदा तपासून पाहिलं होतं. "तिने नाही. तिच्या सासूने. पणजोबांनी पोराला, माझ्या वामनआजोबांना, साखरेचं शिक्षण घ्यायला जर्मनीला पाठवलं आणि पोरगा गोरी बायको घेऊन आला. लोकांना काय सांगायचं? म्हणून पणजी सांगत सुटली, सरदारांची मुलगी आहे, किल्ल्यातली आहे. आजी गप्प बसली."

"मी चाळीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला," उटे म्हणाल्या. "खोटं मला बोलता येणार नाही. गप्प बसता येईल. पण आधी मला ते बघू दे."

•

गॅरेजचं शटर वर गेलं. बाबांनी काल दिवसभर बसून मॉडेलवरची धूळ रंगाच्या ब्रशने काढली होती.

"वेलकम टू व्हेंडेनहागन," बाबा म्हणाले. ही ओळ त्यांनी पाठ केली होती.

उटे सरळ मॉडेलच्या दाराजवळ गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि पंपाशी थांबल्या. करंगळीएवढा पंप, दांडा आशाच्या हेअरपिनचा, खाली दगडी कुंडी. शेजारी फळीवर काडेपेटीच्या काड्यांपासून कोरलेल्या खडावांच्या अकरा जोड्या.

"अकरा का?" त्यांनी विचारलं.

"आई अकरा म्हणायची," बाबा म्हणाले. "आल्यावर खडावा काढायच्या, पाय धुवायचे, मग आत. आमच्याकडेही तसंच होतं. मला फार बरं वाटायचं लहानपणी, की एवढे मोठे लोक, पण रीत आपलीच."

आशाने देविकाच्या शेजारी उभ्या उभ्या हुंकार भरला. मराठी घरात दाराशी पाणी असणार, त्यात विचारायचं काय? इतकी वर्षं कुणीच विचारलं नव्हतं.

बाबांनी एक भिंत अलगद काढून आतली बाजू दाखवली. दूधघरात पांढऱ्या मण्यांच्या हंड्या. समोर काळी रंगवलेली छोटी खोली, आढ्याला पिवळं काहीतरी टांगलेलं.

"ही धुराची खोली. आई म्हणायची, इथे वर टांगून ठेवायचे, हिवाळाभर पुरायचं."

"हे काय टांगलंय?"

"मक्याची कणसं."

उटेंचा चेहरा क्षणभर ताठ झाला, मग ओठ थरथरले. "मिस्टर रिसबूड, ते हॅम असायचे. डुकराच्या मांड्या."

"अगं बाई!" आशा म्हणाली.

"मामा, यू मेड इट व्हेजिटेरियन!" आर्यन शटरला टेकून हसायला लागला. बाबाही हसले, पण कान लाल झाले. सासरी आलेली आई हे नाव कसं घेणार? *टांगून ठेवायचे* एवढंच म्हणून ती पुढच्या खोलीत जायची.

"आणि छपरावर हे दोघं कोण आहेत?"

"ते मावळे. दिवाळीच्या किल्ल्यावर असतात. पहिल्या किल्ल्यापासूनचे तेवढे दोघंच उरलेत." बाबांनी एकाचं मोडलेलं नाक अंगठ्याने पुसलं. "पहारा देतात."

उटे उठल्या आणि मॉडेलला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेल्या. तिथे जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा होती. देविकाला ती बाजू माहीत होती. सहा फूट लांबीचा करडा पुठ्ठा. एक खिडकी नाही, एक दार नाही.

"इथे काय आहे?"

"तिथे काही नाही. ती मागची बाजू," बाबा म्हणाले. "आई म्हणायची, त्या बाजूला मी कधी गेले नाही."

"साहजिकच आहे," सुप्रभाआत्या म्हणाली. "घरची मुलगी मागच्या दारी कशाला जाईल?"

मॉडेलच्या पलीकडून उटेंचे पांढरे केस तेवढे दिसत होते, दोन मावळ्यांच्या मधोमध.

"बाई," बाबा म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "मला एकच सांगा. तुम्ही गावच्या आहात. पुढची बाजू जमलीय का बरोबर?"

उटेंनी देविकाकडे पाहिलं. म्हटल्याप्रमाणे त्या गप्प होत्या. आता ते देविकावर आलं होतं.

ती रोज लोकांची हाडं दोन बाजूंनी बघायची. काय दिसलं ते सांगायचं काम मात्र तिचं नसायचं. ते डॉक्टर सांगायचे, दुसऱ्या खोलीत, दार लावून.

"बाबा, पुढची बाजू ती नाहीये," ती म्हणाली. "ती मागची बाजू आहे. तुम्ही किल्ल्याच्या मागची बाजू बनवली." तिने फोन पुढे केला. "आजी इथे काम करायची. मला लास्ट वीक कळलं. सॉरी, मी आधीच सांगायला पाहिजे होतं."

बाबांनी चष्मा कपाळावर घेतला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. अकरा माणसं. विटांची भिंत, दार, दाराशी पंप. डावीकडून तिसरी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली, हात पुढे घट्ट धरलेले, पायात लाकडी जोडा. वीस वर्षांची.

"ही आई नाही," सुप्रभाआत्या म्हणाली. तिने फोटो पाहिलाही नव्हता.

"वन्सं, कान बघा," आशा हळूच म्हणाली. "तुमचाच आहे."

"वहिनी, तू गप्प बस."

"सत्तेचाळीस वर्षं बसलेय." आशाचा आवाज चढला नाही. "सासूबाई शेवटची सहा वर्षं माझ्याजवळ होत्या. बोलता बोलता चार मिनिटांत दहा बटाटे सोलायच्या. साल अशी, की आरपार दिसावं. मी मनात म्हणायचे, ही कसली राजकन्या? पण सुनेने असं बोलायचं नसतं, म्हणून नाही बोलले."

आत्या वळली आणि शटरखालून वाकून बागेत निघून गेली.

बाबा रंगाच्या डब्यावर बसले. टाय बाजूला गेला होता. "म्हणजे बेचाळीस वर्षं मी उलटा उभा होतो," ते म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग म्हणाले, "आई माझ्याशी खोटं बोलली?"

"नाही, बाबा." देविका त्यांच्यापुढे उकिडवी बसली. तिला मराठीतच बोलायचं होतं आणि मराठी पुरत नव्हतं. "बघा ना. पंप आहे. फळी आहे. दार आहे, सेम तिथेच. फोटो न बघता तुम्ही सगळं बरोबर केलंय. ती एक पण गोष्ट खोटी नाही बोलली. राजकन्या तिने नाही सांगितलं. ते आपण लावलं."

बाबांनी फोटोकडे पाहिलं, मग मॉडेलकडे, पुन्हा फोटोकडे. ड्रॉइंग तपासताना बघायचे तसं.

"मग पुढच्या दाराशी पंप नव्हता?" त्यांनी उटेंना विचारलं.

"नव्हता."

"तर पाहुणे पाय कुठे धुवायचे?"

"धुवायचे नाहीत."

"म्हणजे तसेच आत?"

"तसेच. बुटांसकट."

बाबांनी आशाकडे पाहिलं. आशाने बाबांकडे पाहिलं. "ईऽ," आशा म्हणाली, आणि त्या एका उद्गारात फॉन ट्रेबनो घराण्याची दोनशे वर्षांची शान गॅरेजच्या फरशीवर उतरली. बाबांचे खांदे हलायला लागले. ते हसतायत की रडतायत, हे देविकाला काही क्षण कळलं नाही. दोन्ही होतं.

•

मंडळाकडे असलेली व्हेंडेनहागनची चित्रं:
पोस्टकार्डं, सत्तावीस. सगळी पुढच्या बाजूची.
जलरंगातलं चित्र, एक. पुढची बाजू, हंसांसकट.
लग्नाचा फोटो, १९११. पुढच्या पायऱ्या.
नोकरांचा फोटो, १९३६. एक दार, एक पंप, थोडी भिंत.

•

हे सगळं उटेंनी फाइलमधून काढून कामाच्या टेबलावर मांडलं.

"आता माझं ऐका," त्या म्हणाल्या. "पुढची बाजू मला पाठ आहे. तेरा खिडक्या वर, बारा खाली आणि मधे दार. गावातलं शाळकरी मूलही काढून दाखवेल. पण त्या भिंतीमागे काय होतं, हे आता कुणालाही माहीत नाही. पंपाचा फोटो कोण काढणार? त्रेचाळीस हेक्टर जमिनीचे नकाशे आहेत, स्वयंपाकघराचा नाही. युद्धानंतर घर पाडलं, विटा जमिनी वाटून मिळालेल्या नव्या शेतकऱ्यांना दिल्या, प्रत्येकाने आपापलं घर बांधलं. ज्यांना आठवत होतं ती माणसं गेली. यंदा वसंतात आम्ही खणलं, तर घराच्या पायाच्या कोपऱ्यात एका अरुंद जिन्याच्या नऊ पायऱ्या सापडल्या. कुठे जात होता तो जिना, यावर मंडळात दोन महिने भांडण चाललंय."

"वर," बाबा म्हणाले. "अजून बत्तीस पायऱ्या. पहिल्या वळणावर एक खिडकी आहे. बादल्या टेकायला." त्यांनी मॉडेलचं छप्पर उचललं आणि बोट आत घातलं. "ही. आईची खोली ही."

उटे वाकल्या. आत काड्यांचा पलंग होता आणि खिडकीत हिरव्या स्पंजचा चेस्टनट. त्या डोळे पुसत नव्हत्या, नुसतं पाणी गळू देत होत्या.

"आम्हाला हे हवंय," त्या म्हणाल्या. "असंच. ऑक्टोबरअखेर व्हॅन पाठवू."

"असंच नाही." बाबा उठून उभे राहिले. गुडघा कटकन वाजला. "अर्धवट ड्रॉइंग मी ऑफिसात कधी दिलं नाही. तेरा म्हणालात? दोन खिडक्यांमधलं अंतर किती?"

"बाबा, घर तीन आठवड्यांनी जातंय," देविका म्हणाली.

"फ्लॅटमध्ये करेन."

"अहो, फ्लॅटमध्ये तुम्ही मावाल की हे?" आशा म्हणाली.

"माझ्याकडे पण जागा नाही, मामा," आर्यन म्हणाला. आणि मग कुणी न विचारता फोन काढून म्हणाला, "पण स्किप नेक्स्ट वीकला ढकलतो. हे काय स्किपमध्ये नाय टाकत कोणी."

•

आत्या बागेच्या टोकाला, टोमॅटोच्या काठ्यांपाशी उभी होती. देविका तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"पंचाहत्तर साली," आत्या म्हणाली, "मी इथे पहिल्या पोस्टिंगला आले तेव्हा ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन मला नर्सची ट्रे आणायला सांगायचे. डॉक्टर आहे म्हटलं तरी. एकदा ख्रिसमसच्या पार्टीत मी म्हटलं, माझी आई कॅसलमधली आहे. त्यानंतर कुणी ट्रे नाही मागितली. त्यावर मी उभी राहिले गं."

"आत्या, ट्रे आजीने आणली. एकेचाळीस पायऱ्या. तू त्यावर उभी राहिलीस."

आत्याने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "एवढं चांगलं मराठी तुला कधीपासून यायला लागलं?"

"मनात प्रॅक्टिस केली. आत्ताच."

आत्याने एक पिकला टोमॅटो तोडला, पदराला पुसला. "चादरींच्या घड्या घालताना आई मला दुसऱ्या टोकाला उभी करायची," ती म्हणाली. "कोपरे धरून अशी झटकायची, की टाळी वाजल्यासारखा आवाज यायचा. शेजारपाजारच्या बायका बघायला यायच्या. मला वाटायचं, मोठ्या घरातलं वळण आहे." ती थांबली. "होतंच की मोठ्या घरातलं."

आत्या गॅरेजमध्ये परत आली तेव्हा तिने आधी बाबांच्या चेहऱ्याचा रंग पाहिला. मग फोन मागितला, चष्मा लावला आणि फोटो बघितला. बराच वेळ.

"नंदूदादा, माझं डायनिंग टेबल आठ फुटी आहे," ती म्हणाली. "आणि त्यावर जेवायला मी एकटी असते. वहिनीला घेऊन नॉटिंगहॅमला ये दोन महिने. पण गोंदाचे डाग पडता कामा नयेत."

"पडतील," आशा म्हणाली.

"पडले तर पडले."

उटेंनी आता सॅक उघडली. टॉवेलमध्ये गुंडाळलेली अर्धी वीट बाहेर काढली आणि बाबांच्या हातात दिली. त्यांचं घरही त्याच वाटलेल्या विटांचं; मागच्या वर्षी बाथरूमची भिंत फोडली तेव्हा ही निघालेली. एका बाजूला अजून पांढरा गिलावा होता. म्हणजे ही बाहेरच्या भिंतीची. कुठल्या बाजूची, हे आता सांगता येणार नव्हतं.

बाबांनी वीट दोन्ही हातांत धरली. नाकाजवळ नेली. मग टेबलावर ठेवून खिशातली स्टीलची पट्टी काढली, जाडी मोजली, मॉडेलच्या मापासाठी पंचवीसने भागली आणि पेन्सिल कानामागून काढत देविकाला म्हणाले, "लिही."

करड्या पुठ्ठ्याकडची बाजू भिंतीपासून दूर ओढायला आर्यन आणि देविका दोघं लागले. बेचाळीस वर्षांत किल्ला पहिल्यांदा फिरला. छपरावरचा नाकमोडका मावळा डळमळला, पण पडला नाही.

•

नोव्हेंबर १९३६मध्ये वामन रिसबूड बीटाचे नमुने घ्यायला पहिल्यांदा व्हेंडेनहागनला गेला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. पुढच्या दाराशी ते धुवायची सोय दिसेना, म्हणून तो घराला वळसा घालून पंपापाशी आला.